मूळ आरसी बुक फाईलीत गेलं ते गेलंच: जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करताना पहिले कागद कसे राखायचे

"जेरॉक्स ब्याड्री, ओरिजिनल कोड्री." कन्नडमध्ये, म्हणजे झेरॉक्स नको, ओरिजिनल द्या.

आरटीओच्या खिडकीतून एवढं ऐकलं की आपल्या भागातला माणूस पिशवीतनं जुनं आरसी बुक काढतो आणि आत सरकवतो. मागं रांग असते, साहेब जेवायला उठायच्या बेतात असतात, आणि एजंट कानाशी सांगत असतो, "द्या हो, फाईलीला लागतं ते." काम होतं, काही आठवड्यांनी नवीन कार्ड हातात येतं. बुक मात्र परत येत नाही. पाच-दहा वर्षांनी दुसरं काही काम निघालं की तेच कार्यालय तेच बुक पुन्हा मागतं.

निपाणी, चिक्कोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात जुन्या गाड्या सांभाळणारे बरेच जण आहेत. तंबाखूच्या पेठेतल्या घरांत, गुळाच्या व्यापाऱ्यांकडे, जुन्या वकिलांच्या गॅरेजात फियाट, अँबॅसडर, जीप अजून उभ्या आहेत. गेल्या काही वर्षांत यातल्या पुष्कळांनी मला एकच प्रश्न विचारला. गाडी आहे, कार्ड आहे, पण गाडी पन्नास वर्षांपूर्वीची आहे हे सिद्ध करणारं काहीच हातात नाही. प्रत्येक घरी कारण एकच निघालं: मूळ बुक कधीतरी कुठल्यातरी फाईलीत गेलं होतं.

बिघाड नेमका कुठं होतो

२०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी ८१ए पासून पुढचे नियम घातले गेले. दुचाकी किंवा चारचाकी, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म २० वर, परिवहन पोर्टलवरून. सोबत विमा, फी, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, आणि आधीच भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी. नव्याने नोंदणी असेल तर फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. प्रमाणपत्र फॉर्म २३ए मध्ये, दहा वर्षांसाठी.

या सगळ्यात कळीचा शब्द आहे "पहिल्या नोंदणीला". पन्नास वर्षं मोजायची ती गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून. शेवटच्या ट्रान्सफरची तारीख किंवा स्मार्ट कार्ड छापलं त्या दिवसाची तारीख यात कामाची नाही. आणि पहिली तारीख, पहिलं कार्यालय, पहिला मालक, पहिला इंजिन नंबर हे सगळं एकाच ठिकाणी, त्या काळच्या कारकुनाच्या हस्ताक्षरात असतं ते जुन्या बुकात. नवीन कार्डावर ती साखळी येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवायची मुभा या नियमांत आहे. नव्यानेच नोंदली जाणारी गाडी असेल तर राज्याच्या अक्षरांपुढं 'व्हीए' असलेला नवा नंबर मिळतो. आजोबांच्या गाडीवरचा नंबर टिकवायचा असेल तर तो नंबर त्याच गाडीचा होता हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारा सगळ्यात भक्कम कागद बुकच.

चुलत्यांच्या अँबॅसडरचं काय झालं

हे आमच्या घरातलं. चुलत्यांची १९६९ ची अँबॅसडर, 'एमवाय'ने सुरू होणारा म्हैसूर राज्याचा नंबर. नव्वदच्या दशकात मालकी आजोबांच्या नावावरून चुलत्यांच्या नावावर करताना एका कार्यालयात मूळ बुक जमा झालं. पोच घेतली नाही, झेरॉक्स काढली तीही फक्त पहिल्या पानाची, आणि ती इतकी काळी की इंजिन नंबरचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नव्हते. पुढं कार्ड आलं, त्यावर नोंदणीची तारीख म्हणून ट्रान्सफरची तारीख पडली. कागदावर गाडी एका रात्रीत पंचवीस-तीस वर्षांनी तरुण झाली.

व्हिंटेजचा अर्ज भरायला घेतला तेव्हा हे ध्यानात आलं. मग सुरू झाली शोधाशोध. रेकॉर्ड रूममध्ये फाईल सापडेना. दोन वेळा "पुढच्या आठवड्यात या" झालं. शेवटी फाईलीचा नाद सोडून रजिस्टरचा उतारा मागितला, म्हणजे आपल्याकडं ज्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात तो. जुन्या बांधीव रजिस्टरात १९६९ ची मूळ नोंद होती. तिच्यावरून संगणकातली तारीख दुरुस्त झाली. पण या सगळ्यात चौदा महिने गेले, आणि ज्या बुकावर आजोबांची निळ्या शाईतली सही होती ते आजतागायत मिळालेलं नाही. चुलते तारखेपेक्षा त्या सहीसाठी जास्त हळहळतात. मला त्यांचं पटतं.

अर्ज करण्याआधी घरी बसून करायचं काम

बुकाचं प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, आणि दोन्ही पुठ्ठे स्कॅन करा. मोबाईलवर फोटो काढत असाल तर दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून, शिक्के वाचता येतील असे. जुने शिक्के फिकट जांभळे असतात, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ते नाहीसे होतात, म्हणून रंगीत प्रतच काढा. त्या रंगीत प्रतींचे दोन संच नोटरीकडून साक्षांकित करून घ्या. एक फाईलीसाठी, एक घरी.

मग बुकातली माहिती गाडीशी ताडून बघा. इथं बहुतेक अर्ज अडतात, आणि दोष कार्यालयाचा नसतो. बॉनेट उघडून चेसिस नंबर शोधा, ब्लॉकवरचा इंजिन नंबर शोधा. गंज असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रशने हळू साफ करा. तारेचा ब्रश किंवा ग्राईंडर अजिबात लावू नका, आकडा झिजला तर पुढं कुणीही तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. नंबरवर पेन्सिल घासून पारदर्शक चिकटपट्टीवर त्याचा ठसा उचला आणि कागदावर चिकटवा. असे चार-पाच ठसे काढून ठेवा, ते लागतातच.

आपल्या भागात पेट्रोल महाग झालं त्या काळात अनेक अँबॅसडरना डिझेल इंजिन बसवलं गेलं. त्याची नोंद बुकात झाली नसेल तर आधी ती भानगड निस्तरा. मूळ इंजिन कुठं गॅरेजात पडलं असेल तर परत बसवण्याचा विचार करा. इंजिन बदललेली गाडी घेऊन, ती व्हिंटेज आहे का ते तपासणाऱ्या समितीपुढं उभं राहायचं आणि तिथं वाद घालायचा, यात मूळ बुकही अडकून पडतं.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला व्हिंटेज नोंदणी खरंच हवी आहे का? या नोंदणीवर गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. ज्यांना गाडी घेऊन लग्नाला संकेश्वरला जायचं आहे, यात्रेला सौंदत्तीला जायचं आहे, त्यांनी साध्या नोंदणीचं नूतनीकरण करावं. त्यात गाडी तपासायला न्यावी लागते, पण गाडी नेहमीसारखी वापरता येते. एजंट 'व्हीए' नंबरचा थाट सांगतात, ही अट सांगत नाहीत.

"ही गाडी महाराष्ट्राची आहे, एनओसी आणा"

हा प्रश्न सीमाभागाचाच, दुसरीकडं फारसा येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची दुसरी गाडी १९५५ ची फियाट ११००, लोक जिला डुक्कर फियाट म्हणत ती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. आजोबांनी ती निपाणीतच घेतली, नोंदणी बेळगावला झाली. बुकावर शिक्का मुंबई सरकारचा. कारण तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात आला, आणि १९७३ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूरचं कर्नाटक झालं. गाडी निपाणीच्या वाड्यातून हलली नाही; तिच्या भोवतीचं राज्य दोनदा बदललं.

आता तरुण कारकुनानं "गव्हर्नमेंट ऑफ बॉम्बे" असा शिक्का बघितला की त्याला साहजिकच वाटतं, ही महाराष्ट्रातली गाडी. मग तो दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीची वाट दाखवतो: तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणा, फॉर्म २७ भरा, नवा नंबर घ्या. ही वाट धरली की दोन नुकसानं. एक, जुना नंबर गेला. दोन, मूळ बुक कोल्हापूरला की मुंबईला अशा फेऱ्यांत अडकलं. आणि मुंबई राज्याच्या त्या नोंदीसाठी कोल्हापूरचं कार्यालय एनओसी देणार तरी कशी, गाडी त्यांच्या रजिस्टरात कधी नव्हतीच.

यावर उतारा असा. बुकात पुढच्या पानांवर १९५६ नंतरची एखादी नोंद, कर भरल्याचा शिक्का, पत्ता बदल, काहीही म्हैसूर राज्याचं असेल तर त्या पानावर खूणचिठ्ठी लावून ठेवा. सोबत टॅक्स कार्ड आणि जुन्या कराच्या पावत्या द्या. अर्जाच्या वरच्या पत्रात सरळ दोन वाक्यं लिहा: नोंदणी बेळगाव जिल्ह्यात झाली, जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पासून या राज्यात आहे, गाडी जिल्ह्याबाहेर गेलेली नाही. पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहा. आपल्या भाषेचा अभिमान मलाही आहे, पण टेबलावरच्या माणसाला एका वाचनात कळलं पाहिजे, आणि इथं काम आपल्याला काढायचं आहे. आम्ही कन्नडमध्ये लिहून घेतलं, शेजारच्या मास्तरांकडून. काम तिथंच मोकळं झालं.

याच्या उलटं चंदगडचं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. जिल्हा म्हैसूरला गेला तेव्हा तो मुंबई राज्यात राहिला आणि आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. १९५६ च्या आधी बेळगावला नोंदलेली चंदगडची गाडी आज महाराष्ट्रात आहे, पण तिची पहिली नोंद शोधायची ती बेळगावच्या जुन्या रजिस्टरात. चंदगडकरांनी उतारा मागताना हे ध्यानात ठेवावं.

गावांची आणि माणसांची नावं हाही असाच अडथळा. बुकात बेलगाम, आधारवर बेळगावी. बुकात आजोबांचं आडनाव एका स्पेलिंगचं, मृत्यू दाखल्यावर दुसऱ्या. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं एक प्रतिज्ञापत्र करून जोडा. बेळगावचं अधिकृत नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं, हे सांगायची वेळ फारशी येत नाही, पण माणसांच्या आडनावांवर फाईल हमखास परत येते.

गोव्याकडून घाट चढून आलेल्या गाड्यांबद्दल एवढंच: १९६१ आधीचे पोर्तुगीज कागद असतील तर त्यांचं शपथेवर केलेलं भाषांतर जोडा, मूळ कागदाला हात लावू देऊ नका.

खिडकीवर काय करायचं

मूळ बुक दाखवावं लागणार, ते टाळायचा प्रयत्न करू नका. दाखवणं आणि देऊन टाकणं यात फरक आहे, आणि तो फरक आपणच कागदावर आणायचा असतो.

अर्जाच्या वर एक पत्र ठेवा. त्यात जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी, पानांच्या संख्येसह. "मूळ नोंदणी पुस्तिका, पृष्ठे इतकी, पडताळणीसाठी सादर, पडताळणीनंतर परत मिळावी, किंवा रद्द असा शिक्का मारून परत मिळावी ही विनंती." या पत्राची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. बुक त्यांनी ठेवून घेतलंच तर त्या शिक्क्याच्या प्रतीवर "मूळ बुक मिळालं" एवढं लिहून मागा. नम्रपणे मागितलं तर देतात. मी आजवर ज्यांच्याबरोबर गेलो त्यांत बहुतेकांना मिळालं आहे. मागितलंच नाही तर कुणी आपणहून देत नाही.

समोरचा माणूस आपला शत्रू नाही. त्याच्यापुढं रोज शे-दीडशे फाईली असतात, त्यात सत्तर वर्षांचं बुक त्यानं कधी हातात धरलेलं नसतं. मी स्वतः साहेबांना बुक उघडून दाखवतो, हे पहिलं पान, ही आजोबांची सही, ही करनोंद. दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांनंतर बुकाला स्टेपलर मारायला त्यांचाच हात धजत नाही. आमचं फियाटचं बुक रद्दचा शिक्का घेऊन परत आलं, ते अशाच एका साहेबांनी स्वतः शिपायाला सांगितलं म्हणून.

बुक एजंटाच्या हाती एकट्याने पाठवू नका. बाकी सगळे कागद त्याच्याकडं द्या, बुक तुम्ही स्वतः न्या.

मालक वारलेले असतील तर आधी वारसाचं काम पुरं करा. फॉर्म ३१, मृत्यू दाखला, नाडकचेरीतून (इथल्या महसूल कार्यालयातून) वंशावळ, बाकी वारसांची संमती. ट्रान्सफरच्या वेळी आणि व्हिंटेजच्या वेळी अशी दोनदा बुकाची मागणी होते, म्हणून वर सांगितलेलं पत्र दोन्ही वेळा द्या. आमचे चुलते पहिल्या वेळीच फसले.

बुक आधीच गेलं असेल तर

पहिला सल्ला एजंट जो देतात तो असतो: "हरवलं म्हणून पोलिसांत तक्रार द्या, डुप्लिकेट काढू." ते करू नका. बुक हरवलेलं नाही, ते कार्यालयात आहे. खोटं लिहून दिलेलं नंतर अंगाशी येतं. आणि डुप्लिकेट निघाल्यावर मूळ बुक कधी सापडलंच तर त्याची किंमत तुम्हीच घालवून बसलेले असता. खरोखर घरातून गहाळ झालं असेल तरच फॉर्म २६ आणि पोलिसांचा दाखला.

आधी बी एक्स्ट्रॅक्टसाठी अर्ज करा. जुना नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही लिहा, फक्त आताचा नंबर लिहिला तर शोध आताच्या नोंदीवरच थांबतो. उताऱ्यात पहिल्या नोंदणीची तारीख आली पाहिजे, ते मिळाल्याशिवाय तिथून उठू नका. गाडी संगणकात नसेलच तर जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. एंट्री झाली की पोर्टलवर तारीख स्वतः तपासा, कारण चुकीची पडलेली तारीख पुढच्या प्रत्येक कागदावर तशीच उतरते.

उतारा मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज द्या. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. "माझ्या बुकाचं काय झालं" असं मोघम विचारू नका. अमुक तारखेला अमुक अर्जासोबत जमा केलेल्या नोंदणी पुस्तिकेची, आणि अमुक नंबरच्या नोंदणी रजिस्टरातल्या पानाची प्रमाणित प्रत, असं मागा. आम्हाला अँबॅसडरचं रजिस्टर अशाच अर्जानंतर बाहेर आलं.

जुना विमा, गॅरेजची बिलं, गाडीसमोर उभं राहून काढलेला लग्नातला फोटो ज्यात नंबर दिसतो, हे पुरावे एकेकटे पुरत नाहीत, पण उताऱ्याच्या शेजारी ठेवले की वजन येतं. आत्याकडं, मामाकडं विचारा. आमच्याकडं १९७२ चा विम्याचा कागद आत्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत सापडला.

बुक परत आल्यावर

प्लास्टिक लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टीने फाटलेली पानं जोडू नका, ती पिवळी पडून कागद खाते. जंगलेल्या पिना काढा. खानापूर, बेळगावकडच्या पावसाळ्यात कपाटातलीसुद्धा पुस्तकं ओलसर होतात, म्हणून बुक सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की बाहेर काढून सावलीत एक दिवस उघडं ठेवा आणि कसर लागली आहे का बघा. आम्ही हे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी करतो, वह्यांबरोबर.

गाडी पुढं कधी विकायचीच झाली, तर व्हिंटेज गाडीची विक्री दोन्ही पक्षांनी आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला नव्वद दिवसांत कळवायची असते. त्या वेळी मूळ बुक, शिक्क्याचं पत्र, बी एक्स्ट्रॅक्ट आणि पेन्सिलचे उरलेले ठसे, सगळं एका पाकिटात घालून घेणाऱ्याच्या हातात द्या, आणि पाकिटावर आतल्या कागदांची यादी लिहून त्याची सही घ्या.